समुद्राकडची ट्राम

१

लंडनच्या पिनर भागातल्या त्या घराच्या पुढच्या दाराला तीन कड्या होत्या, आणि तिन्ही आतून, कुलपं घातलेल्या. चोराच्या भीतीनं कड्या लावतात हे कुणालाही कळतं. या कड्या मात्र घरच्या धन्यानं बाहेर पडू नये म्हणून होत्या.

पद्माकररावांनी एकोणतीस वर्षं लंडनची बस चालवली. एकशे त्र्याऐंशी नंबर, हॅरोवरून पिनर ते गोल्डर्स ग्रीन, आणि गोल्डर्स ग्रीन ते पिनर. कधी कुणाच्या आरशाला ओरखडा नाही. रस्ता त्यांच्या तळव्यांत होता म्हणा ना. तो रस्ता दोन वर्षांपूर्वी पुसायला लागला. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, मग आपण जेवलो की नाही तेही गेलं. एके दुपारी भर पावसात, पायजम्यावर, बसच्या गॅरेजच्या फाटकात जाऊन उभे राहिले. माझी गाडी कुठाय म्हणाले. तिथल्या जुन्या माणसांनी कोट पांघरवून घरी आणून सोडलं. दुसऱ्या दिवशी सुनीतीबाईंनी कड्या बसवून घेतल्या.

त्यानंतर सुनीतीबाईंचा दिवस कसा, तर जात्याच्या पाळीसारखा गोल. उठवायचं, दात लावून द्यायचे, चहा बशीत ओतून द्यायचा. बशीशिवाय त्यांना चहा गेला नाही कधी. फुर्रकन आवाज करून प्यायचे, आणि विचारायचे, "आज कुठली ड्यूटी?"

"आज सुट्टी."

"असं का." पाच मिनिटांनी, "अगं, आज कुठली ड्यूटी?"

वॉटफर्डला राहणारी लेक आसावरी शनिवारी यायची. तिनं बाबांना ठेवायला एक होम बघून ठेवलं होतं. मागे बाग, खोलीला मोठी खिडकी, आठवड्यातून दोनदा गाणारी बाई येते. फॉर्म सगळा भरून आणला होता. राहिली होती ती फक्त सही.

"आई, ते लोक पुढच्या आठवड्यानंतरच्या सोमवारपर्यंत जागा धरून ठेवणार. नंतर वेटिंग लिस्ट."

"राहू दे लिस्टला. मी मेलेय का अजून?"

"तेच म्हणते मी. अशी राबलीस तर बाबांच्या आधी तू जाशील. बी रीझनेबल, आई."

"आधी हॉलंडला जाऊन येते," सुनीतीबाई म्हणाल्या. "मे महिना आहे. दर मे महिन्यात जातो आम्ही."

ते खरं होतं. पद्माकरराव रिटायर झाल्यापासून दरसाल एक शहर. करार असा, की ट्राम आणि बस त्यांच्या, म्युझियम बाईंचं. ते ड्रायव्हरच्या मागे उभे राहून त्याचे हात बघायचे आणि "ब्रेक उशिरा मारला लेकानं" म्हणायचे. बाई म्युझियममध्ये रमायच्या. शाळा चौथीपर्यंत, इंग्रजी पाट्या वाचता येत नसत, पण त्या म्हणायच्या, म्युझियमसारखी जागा नाही. कुणी काही विचारत नाही. बघायचं आणि पुढच्या खोलीत जायचं.

आसावरीनं फॉर्म पुन्हा पाकिटात घातला. मग म्हणाली, "ठीक आहे. तीन दिवस. धडपणे घेऊन गेलीस आणि धडपणे आणलंस, तर हा फॉर्म मी स्वतः फाडते. नाहीतर सोमवारी सही. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," सुनीतीबाई म्हणाल्या. मनात म्हणाल्या, नदीत उतरायचं आणि पाय भिजू द्यायचे नाहीत, असलं हे प्रॉमिस.

२

शुक्रवारी सकाळी समुद्राखालच्या गाडीनं रॉटरडॅम, तिथून दुसऱ्या गाडीनं हेग. पद्माकररावांनी वाटेत एकवीस वेळा विचारलं कुठे चाललोय म्हणून, आणि बाईंनी एकवीस वेळा सांगितलं. सामान गेस्टहाऊसवर टाकलं आणि लगेच निघाले. ट्राम बघितली तशी पद्माकररावांची मान ताठ झाली. तपकिरी टोपी नेहमीप्रमाणे एका कानावर कलली होती.

तिथली पद्धत अशी, की दाराशी खांबावर मशीन असतं. चढताना बँकेचं कार्ड लावायचं. ज्याचं त्याचं कार्ड ज्यानं त्यानं. पद्माकररावांकडे कार्ड दिलं तर ते दुसऱ्या मिनिटाला हरवणार, म्हणून दोन्ही कार्डं बाईंच्या पर्समध्ये. त्यांनी आधी आपलं लावलं. टुक. मग त्यांचं लावलं. टुक.

आज ते ड्रायव्हरमागे गेले नाहीत. गुडघे दुखत होते. खिडकीशी बसले, काचेला कपाळ टेकलं. नाकातून बारीक शीळ वाजत होती. ती शीळ बाईंनी सेहेचाळीस वर्षं ऐकलेली. वरून एक बाई डच भाषेत दर थांब्याआधी काहीतरी बजावत होती. पायरी जपा म्हणत असेल, असं सुनीतीबाईंना वाटलं.

ट्राम समुद्राकडे जाणारी होती. यांना मध्येच उतरायचं होतं. थांबा आला, सुनीतीबाईंनी त्यांना बाही धरून उठवलं, दाराशी आणलं. पुढची माणसं उतरताना पुन्हा कार्ड लावताना दिसली. टुकटुक, टुकटुक. दोनदा वाजत होतं. लंडनच्या बसला उतरताना कुणी कार्ड लावत नाही. तिथे एकदा चढलात की झालं. पण दहा माणसं करतात ते आपण करावं, म्हणून बाईंनी बाही सोडली आणि पर्स उघडली. आपलं लावलं. टुकटुक. दुसरं शोधायला लागल्या तर मागून पद्माकरराव करवादले.

"उतरताना कशाला? बसमध्ये एकदाच लावतात. एकोणतीस वर्षं काय झोपा काढल्या मी? चल, लोक खोळंबलेत."

ड्रायव्हरचा शब्द. बाईंनी पर्स मिटली, दांडा धरला आणि जपून खाली उतरल्या. हात द्यायला मागे वळणार, तोच पुढून आवाज आला.

"डावीकडे जायचं."

पद्माकरराव फलाटावर त्यांच्या चार पावलं पुढे उभे होते. टोपी सरळ होती.

दार मिटलं, ट्राम गेली. सुनीतीबाई म्हणाल्या, "तुम्ही माझ्या मागे होतात ना?"

"दुसऱ्या दारानं उतरलो," ते हसून म्हणाले. "तुझी आपली पर्सशी झटापट चाललेली."

बाईंनी मान हलवली. ट्रामला चार दारं असतात. उतरले असतील.

३

म्युझियम म्हणजे एका जुन्या व्यापाऱ्याचं घर होतं. अरुंद, उंच, शिडीसारखे जिने. खाली स्वयंपाकघर, निळ्या फुलांच्या फरशा, तांब्याची भांडी. वर झोपायची खोली. भिंतीत कपाटासारखा पलंग आणि त्याला दारं. माणसं कपाटात झोपायची आणि दारं लावून घ्यायची. सुनीतीबाईंना ते काही बरं वाटलं नाही.

पद्माकरराव जिना भरभर चढले. गुडघ्याचं नाव नाही. वर जाऊन म्हणाले, "जपून गं, तिसरी पायरी झिजलीय."

बाईंना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फारच बरं वाटलं. दोन वर्षांत त्यांना कुणी जपून म्हटलं नव्हतं. रस्तासुद्धा यांनीच शोधला होता. डावीकडे, मग पुलावरून, मग विटांच्या बोळातून. डॉक्टर म्हणालेच होते, काही दिवस चांगले जातील. हवापालट झाला की माणूस खुलतो.

मग त्या व्यापाऱ्याच्या बैठकीच्या खोलीत उभ्या राहिल्या आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. खोलीत दोघंच. जाड गालिचा, बंद घड्याळ, रस्त्याचाही आवाज नाही. काय चुकतंय ते कळायला थोडा वेळ लागला. पीठ दळायची चक्की बंद पडली की घरातली माणसं दचकून बघतात, तसं ते होतं. नाकातली शीळ ऐकू येत नव्हती.

त्यांनी कान दिला. पद्माकरराव हातभर अंतरावर उभे होते, एका चित्राकडे बघत. शीळ नव्हती, आणि श्वासही ऐकू येत नव्हता.

"सर्दी गेली का तुमची?"

"गेली."

बाई खिडकीशी गेल्या. काच जुनी, लाटालाटांची. बाहेरचं सगळं पाण्यातून बघावं तसं दिसत होतं. बोळाच्या टोकाला मोठा रस्ता होता आणि त्यावरून ट्राम चालली होती. एका खिडकीत एक म्हातारा कपाळ टेकून बसला होता. तपकिरी टोपी, कानावर कललेली.

ट्राम गेली. सुनीतीबाई स्वतःशीच म्हणाल्या, म्हाताऱ्यांचा देश आहे हा. टोप्या काय, एकाच दुकानातल्या असतात.

"काय बघतेस?" पद्माकरराव अगदी मागून म्हणाले. त्यांनी बाईंचा हात हातात घेतला. पद्माकररावांचा हात हिवाळ्यातसुद्धा कढत असायचा. हा हात गारही नव्हता आणि कढतही नव्हता. बराच वेळ आपण मुठीत धरलेल्या वस्तूला आपलीच ऊब येते, तशी त्याला ऊब होती.

परत येताना ते म्हणाले, "पायीच जाऊ." आणि अर्धा तास चालले.

४

गेस्टहाऊसची मालकीण आशा. सुरिनामची. तिच्या पणजोबांना हिंदुस्थानातून उसाच्या मळ्यांवर तिकडे नेलेलं, आणि तिचे आईबाप तिथून इकडे आले. हिंदी बोलायची, पण आपल्या कानाला ती शंभर वर्षांपूर्वीची वाटायची. सुनीतीबाईंची हिंदी दूरदर्शनवरची. दोघींचं छान जमलं.

संध्याकाळी सात वाजले तरी लख्ख ऊन होतं. आशानं चहा आणून ठेवला. पद्माकररावांनी कप उचलला आणि कपानंच प्यायला लागले. आवाज न करता.

"बशी देऊ का?" बाईंनी विचारलं.

"कशाला?"

तेवढ्यात आसावरीचा फोन. दोन्ही कार्डांची तजवीज तिनंच लावून दिली होती, त्यामुळे कोण कुठे चढलं, कुठे उतरलं, ते तिला घरबसल्या दिसायचं.

"आई, बाबांचं कार्ड उतरताना नाही लावलंस ना? तुझी ट्रिप क्लोज झालीय. त्यांची ओपनच आहे." ती हसली. "बाबा अजून ट्राममध्येच फिरतायत!"

सुनीतीबाई हसल्या नाहीत. "मग आता?"

"काही नाही, होईल आपोआप बंद. बाबा काय करतायत? झोपले?"

पद्माकररावांनी हात पुढे केला. बाईंनी फोन दिला.

"आसू, काय म्हणतेस? अगं, तुझ्या बॉयलरचं काय झालं? तो माणूस गुरुवारी येणार होता ना? ... हो. हो. व्यापाऱ्याचं घर बघितलं. ... रडतेस कशाला वेडे?"

फोनमधून लेकीचं रडणं बाईंना ऐकू येत होतं. आनंदाचं होतं ते. दोन वर्षांत बापानं तिला नावानं हाक मारली नव्हती.

बॉयलरचं आसावरीनं बुधवारी सुनीतीबाईंना सांगितलं होतं. फोनवर. पद्माकरराव तेव्हा झोपले होते. बाईंनी मनाशी म्हटलं, आपणच बोललो असू. आपण दिवसभर बडबडत असतो.

कप उचलताना त्यांनी आशाला कार्डाचं सांगितलं. आशानं कपाळावर हात मारला. ती म्हणाली, सगळे लंडनवाले हेच करतात. ती बाई ट्राममध्ये ओरडून ओरडून तेच तर सांगत असते, की उतरताना लावायला विसरू नका. फार काही नाही, त्याच ट्रामच्या मशीनला पुन्हा कार्ड लावा. टुकटुक वाजलं की संपलं.

"उद्या लावते," बाई म्हणाल्या.

"उद्या पायीच जाऊ," पद्माकरराव दारातून म्हणाले. ते तिथे कधी येऊन उभे राहिले, हे दोघींनाही कळलं नव्हतं. आशा त्यांच्याकडे बघत राहिली, मग कप घेऊन आत गेली. त्यानंतर ती त्यांच्याशी काही बोलली नाही.

सकाळी आसावरीचा मेसेज आला. तो पद्माकररावांनीच वाचून दाखवला. "बाबांची ट्रिप अजून ओपन. फनी! काहीतरी बिघाड दिसतोय."

५

शनिवारी ते ट्रामच्या म्युझियमला गेले. हे पद्माकररावांसाठी होतं. गेल्या वर्षीपासून बाईंनी मनात धरून ठेवलेलं. मोठी शेड, वर काचेचं छप्पर, खाली रुळांवर रांगेनं जुन्या ट्राम. लाकडी बाकं, पितळी दांडे, घोड्यांनी ओढायची एक. तेलाचा आणि लाकडाचा वास. म्हातारे लोक, आयुष्यभर गाड्या चालवलेले, फडक्यानं पितळ पुसत बसले होते.

पद्माकरराव त्या रांगेतून असे चालत गेले, जसं कुणी दुसऱ्याच्या लग्नातल्या आहेरातून चालावं.

"अहो, हे बघा हँडल. ब्रेकचं आहे ना हे?"

"असेल."

पितळ पुसणाऱ्या एका म्हाताऱ्यानं बाईंना खुणेनं वर या म्हटलं. चढा, बसा, काही हरकत नाही. बाई चढल्या. बाकावर बसल्या. खिडकीतून हाक मारली, "या ना! फोटो काढेल कुणीतरी."

ते खालीच उभे राहिले. पायरीपासून बरोब्बर एक पाऊल मागे.

"मी नाही चढणार."

"ही उभीच आहे हो. कुठे जात नाहीय."

"मी नाही चढणार, सुनीती."

आवाज चढलेला नव्हता. पण सेहेचाळीस वर्षांत त्यांनी बाईंना सुनीती म्हटलं नव्हतं. अगं, ए, ऐकलंस का, इतकंच. बाई लग्नानंतरची पहिली कित्येक वर्षं मनात म्हणायच्या, एकदा तरी नावानं हाक मारावी यांनी. कुणाला बोलून दाखवलं नव्हतं ते.

त्या खाली उतरल्या. त्या म्हाताऱ्यानं पद्माकररावांकडे बघितलं, मग बाईंकडे, आणि पुन्हा पितळ पुसायला लागला. जरा जोरानं.

६

रविवारी परतायचं होतं. गाडी दुपारची, म्हणून सकाळी चित्रांचं म्युझियम. शांत खोल्या, भिंतींना गडद कापड. चित्रांत दूध ओतणाऱ्या, पत्र वाचणाऱ्या, सुपारीएवढ्या उजेडात शिवत बसलेल्या बायका. आपापल्या कामात. एकीलाही घाई नाही.

दोघं बाकावर बसले. सुनीतीबाईंना रात्रभर झोप नव्हती. त्यांच्या मनात दोन बाया भांडत होत्या. एक म्हणत होती, देव पावला, गप बस, देवाला पावती मागू नये. दुसरी काही म्हणत नव्हती, नुसती बघत होती.

पद्माकरराव चित्राकडे बघत म्हणाले, "तू त्या लाँड्रीत उभं राहून राहून पाय सुजवलेस. नऊ वर्षं. रात्री मीठपाण्यात पाय घालून बसायचीस. मी एकदाही विचारलं नाही, दुखतात का म्हणून. चुकलं माझं."

 या एका वाक्याची सुनीतीबाईंनी चाळीस वर्षं वाट बघितली होती. हेच शब्द, याच क्रमानं. बादलीत पाय सोडून बसल्या की त्या मनातल्या मनात त्यांच्या तोंडी हे घालायच्या. 'दुखतात का' आणि मग 'चुकलं माझं'.

त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग पदराआडूनच, सहज विचारल्यासारखं विचारलं.

"अहो, गॅरेजात तुम्ही आणि मोहन रोज दुपारी पैज लावायचात ना? कसली हो ती?"

मोहन म्हणजे त्यांचा दोस्त, दुसऱ्या पाळीचा ड्रायव्हर. पैजेचं नाव काढलं की दोघं एकमेकांना टाळ्या द्यायचे. बाईंनी शंभरदा विचारलं असेल. पद्माकरराव म्हणायचे, ते पुरुषांचं आहे, तुला काय करायचंय. स्वतःचं नाव विसरायला लागले तेव्हाही 'मोहन, पैज' म्हटलं की खुदकन हसायचे.

आता ते हसले नाहीत. त्यांनी बाईंकडे तोंड वळवलं. फार मायेनं बघितलं.

"तुला कधी सांगितलं होतं का मी?"

"नाही."

"मग मला कसं माहीत असणार?"

शेजारच्या खोलीत पहारेकऱ्याचे बूट वाजले, थांबले. सुनीतीबाई समोरच्या चित्रातल्या शिवणाऱ्या बाईकडे बघत राहिल्या. उठायला हवं, असं त्यांना वाटत होतं. पण त्यांचा हात त्याच्या हातात होता, आणि हात छान ऊबदार होता.

७

स्टेशनसमोरच ट्रामचा थांबा. गाडीला चाळीस मिनिटं होती. ऊन होतं, माणसं आइस्क्रीम खात होती. पद्माकरराव दोन्ही बॅगा घेऊन शेजारी उभे होते, एकसुद्धा खाली न टेकवता.

समुद्राकडची ट्राम आली. मधलं दार नेमकं सुनीतीबाईंपुढे उघडलं. पुढच्या दाराशी चाकाच्या खुर्चीतली एक बाई होती, तिच्यासाठी ड्रायव्हर उतरून फळी लावायला लागला. ट्राम उभी राहिली.

तो खिडकीशी बसला होता. टोपी कानावर. दाढीचे पांढरे खुंट वाढलेले, दोन दिवसांचे. कोटाची बटणं एकाआड एक चुकलेली. शुक्रवारी सकाळी घाईत सुनीतीबाईंनीच चुकीची लावली होती ती. काचेवर कपाळाचा धुरकट डाग पडला होता.

सुनीतीबाईंनी पर्स उघडली. या खेपेला शोधावं लागलं नाही, कार्ड बोटांनाच लागलं. दारातला खांब दोन पावलांवर होता. मशीनचा दिवा हिरवा होता. एक पाय पायरीवर ठेवला की हात पोचला असता. त्यांनी पाय ठेवला.

बॅगा घेऊन मागे उभा असलेल्यानं अडवलं नाही.  एवढंच म्हणाला, "आसावरीचा फोन येईल आता. काय सांगायचं ते ठरव."

आतला म्हातारा दाराकडे बघत होता. बघता बघता उठला. दांडा धरून, गुडघा आवळत, नाकातून शीळ वाजवत दाराशी आला आणि सुनीतीबाईंपुढे उभा राहिला. इतक्या जवळ, की त्याच्या अंगाचा आंबूस वास त्यांना आला. शिळ्या दुधाचा, घामाचा, लघवीचा. घरी रोज सकाळी यायचा तोच. त्यानं टोपीला हात लावला. परक्या बाईला लावतात तसा. त्याचे डोळे बाईंच्या तोंडावरून दोनदा फिरले आणि काही न सापडता खाली आले.

"बाई," तो म्हणाला, "हॅरो आलं का हो?"

सुनीतीबाईंच्या डोळ्यांपुढून सोमवार गेला. होमची मोठी खिडकी. गाणारी बाई. आसावरीचं पेन. आणि पिनरचं घर, आतल्या तीन कड्या, बशी, आज कुठली ड्यूटी, आज कुठली ड्यूटी. आणि मग चित्रांसमोरचं ते बाक.

ड्रायव्हरनं फळी उचलली.

"नाही हो," सुनीतीबाई म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा होता. म्हाताऱ्याला समजावतात तो. "अजून नाही आलं. बसा तुम्ही."

"असं का."

तो लगेच वळला. सांगितलेलं ऐकण्यात तो पहिल्यापासून गुणी. बाक चाचपत गेला, बसला, हात गुडघ्यांवर ठेवले, पुढे बघायला लागला. बाईंनी पायरीवरचा पाय काढून घेतला. वरची बाई डच भाषेत बजावायला लागली. आता त्यांना शब्द न् शब्द कळत होता. दार मिटलं.

ट्राम वळणापर्यंत जाते तोच पर्समध्ये फोन वाजला.

"आई? निघालात का? सगळं ओके? बाबा कसे आहेत?"

सुनीतीबाई वळणाकडे बघत होत्या. ट्रामचा शेवटचा डबा घरांआड जात होता.

"बसलेत," त्या म्हणाल्या.

"काय? आवाज कट होतोय तुझा. आई, रडतेयस का तू?"

शेजारून एक हात पुढे आला. बॅगा त्यानं आता खाली ठेवल्या होत्या.

"दे इकडे," तो म्हणाला. "मी बोलतो."

आणि सुनीतीबाईंनी फोन त्याच्या हातात दिला.